प्रात्यक्षिकाच्या तासाला रुब्रिक वापरून मुलांची प्रगती कशी तपासावी?

रुब्रिक म्हणजे निकष आणि प्रत्येक निकषाच्या पातळ्या यांचा तक्ता. ३-४ निकष, ४ पातळ्या पुरतात. १२ निकष केलेत तर तुमची नजर मुलांच्या हातांऐवजी कागदावरच राहील.

खरी मेहनत वर्णनात आहे. 'चांगले', 'समाधानकारक' असं लिहू नका, डोळ्यांना दिसेल तेच लिहा. उदाहरणार्थ, टायट्रेशनमध्ये (एक द्रावण थेंबाथेंबाने टाकून दुसऱ्याची तीव्रता काढायच्या प्रयोगात) ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणा असलेली उभी काचनळी, वाचणं. पातळी १: वरून वाकून वाचणं. २: सांगितल्यावर डोळे समपातळीत आणणं. ३: आपणहून द्रवाच्या वक्राचा तळ डोळ्यांच्या रेषेत धरून वाचणं. ४: शिवाय दोन वेळच्या मापांत ०.१ मिलीहून जास्त फरक पडला तर न सांगता प्रयोग पुन्हा करणं. असं लिहिलं की दोन शिक्षकांचे गुणही बरेच जुळतात.

तक्ता कामाआधीच मुलांच्या हाती द्या. एका तासाला सगळा वर्ग पाहून होत नाही, ५-६ जणच नीट बघा. प्रगती कळायला तोच तक्ता महिन्याभराने पुन्हा भरा, तारीख टाकून. आणि मला विचाराल तर सगळ्या निकषांची बेरीज करून एकच आकडा देऊ नका. मुलाचा हात नेमका कुठे अडतोय ते त्यात बुडून जातं.