बडोद्यात व्हायोलिन घेऊन बीपीए (परफॉर्मिंग आर्ट्सची डिग्री) करणाऱ्या मुलीला कोणती स्कॉलरशिप मिळू शकते?

मी पण सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजातच व्हायोलिन केलंय म्हणून लिहितेय. तुम्ही लिहिलंय की मुलगी फर्स्ट इयरला आहे, बारावीला मार्क चांगले आहेत, सात वर्षं शिकतेय. मग दोन ठिकाणी नक्की फॉर्म भरा.

पहिली, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची यंग आर्टिस्ट स्कॉलरशिप. वय 18 ते 25, गुरूकडे किंवा संस्थेत कमीत कमी 5 वर्षं शिकलेली हवी, महिना 5000 असे 2 वर्षं. ऐकायला महिना आहे हो, पण पैसे सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येतात आणि माझा पहिला हप्ता तर एवढा उशिरा आला की तोपर्यंत बाबांनी दोनदा तारांचे सेट आणून दिले होते, तेव्हा त्या भरवशावर पीजीचं भाडं वगैरे ठरवू नका. फॉर्मवर गुरूंची सही लागते, ती सुट्टी लागायच्या आत घेऊन ठेवा, नाहीतर सर गावाला आणि तुम्ही फोनवर.

निवड वाजवून दाखवल्यावरच होते. माझं दिल्लीला होतं, थंडीत. आपल्याकडच्या हवेतून तिथल्या थंड हवेत गेलं की लाकूड आक्रसतं आणि खुंट्या सुटतात, माझी तर आलाप सुरू केला आणि पहिलीच तार सर्रकन उतरली! नशीब पर्समध्ये खडूचा तुकडा होता, तो खुंटीला घासला, परत लावलं. समोरचे एक बुजुर्ग हसले आणि म्हणाले, आता हाच राग झपतालात (दहा मात्रांच्या तालात). तेव्हा मुलीला फक्त तीनतालातल्या (सोळा मात्रांच्या) एखाद्या ठरलेल्या गतीवर, म्हणजे बंदिशीवर, पाठवू नका, थिअरी पण विचारतात.

दुसरी म्हणजे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची केंद्र सरकारची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप. ही संगीताची नाहीच मुळी, म्हणून आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. बारावीला आपल्या बोर्डात 80 पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत) आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर डिग्रीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12000, अर्ध्या जागा मुलींना. दरवर्षी रिन्यू करायला 50 टक्के मार्क आणि 75 टक्के हजेरी लागते, आणि बडोद्यात घोडं अडतं ते इथेच. नवरात्रीत नऊ रात्री गरब्यात वाजवायचं, त्याचे पैसे स्कॉलरशिपपेक्षा बरे मिळतात, पण सकाळच्या लेक्चरला मग कोण उठतंय? आमच्या बॅचच्या एकाचं रिन्यूअल असंच गेलं.

जातीचा दाखला असेल तर डिजिटल गुजरात या राज्य सरकारच्या पोर्टलवर पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या शिक्षणाची) स्कॉलरशिप पण बघा. सीसीआरटीची (संस्कृती मंत्रालयाच्या प्रशिक्षण केंद्राची) जी लहान मुलांची स्कॉलरशिप आहे तिच्या मागे लागू नका, ती 10 ते 14 वयात भरायची असते, धाकटं कोणी शिकत असेल तर त्याच्यासाठी लक्षात ठेवा.