केस कुरळे की आखूड, ते फोल्डरला कशाला?

वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी तीन वर्षांपासून ‘द सिम्स ४’ हा माणसं आणि घरं घडवायचा कॉम्प्युटर गेम खेळते. मॉड्सच्या (इतर खेळाडूंनी बनवलेल्या, गेममध्ये भर घालणाऱ्या फायलींच्या) फोल्डरमध्ये आता ९,४०० फायली झाल्यात, ३१ जीबी. सगळ्या एकाच ठिकाणी ओतलेल्या. मागच्या आठवड्यात गेमचं अपडेट आलं आणि तेव्हापासून घर बांधायला गेलं की अर्धी बटणंच दिसत नाहीत. गेम सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात ती वेगळीच. मी केस, कपडे, फर्निचर असे फोल्डर करायला घेतले. केसांचे पुन्हा लांब, आखूड, कुरळे असे पोटफोल्डर केले आणि ७०० फायलींनंतर हात टेकले. पुढे कसं लावू? की सगळं उडवून नव्याने सुरुवात करू?

उत्तर : उडवू नका. आणि ते कुरळे-आखूड तर आजच थांबवा.

मी बावीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी एका दालनातली पुस्तकं बांधणीच्या रंगाप्रमाणे लावली होती. काय देखणं दिसायचं ते! साठा पडताळणी आली आणि त्या एका दालनाने आमचे तीन आठवडे खाल्ले. तुमचे केसांचे फोल्डर वाचून मला ते दालन आठवलं.

केस कुरळे आहेत की आखूड, हे गेमला कळतं. पात्र घडवण्याच्या पडद्यावर चाळण्या दिलेल्या आहेत, रंगाच्या, प्रकाराच्या. फक्त कस्टम कंटेंट, म्हणजे बाहेरून घातलेले केस, कपडे, वस्तू (थोडक्यात ‘सीसी’) दाखव, असंही सांगता येतं. म्हणजे शोधायचं काम गेमचं. तुम्ही स्वतः मॉड्सचा फोल्डर उघडून आत हात घालता तो कधी? काहीतरी बिघडलं की, नाहीतर काहीतरी काढायचं असलं की. तेव्हा फोल्डर लावायचा तो काढून टाकण्याच्या सोयीने. आम्ही ग्रंथालयात याला निर्लेखन म्हणायचो. नव्या पुस्तकाची दाखल नोंद करतानाच, हे उद्या निर्लेखित करायची वेळ आली तर कुठून सुरुवात करायची, ते ठरलेलं असे.

बिघाड केसांच्या लांबीप्रमाणे येत नाही, निर्मात्याप्रमाणे येतो. एखाद्याने आपले सगळे दिवे एका ठरावीक पद्धतीने बनवलेले असतात. अपडेटमध्ये ती पद्धत चालेनाशी झाली की त्याचे सगळे दिवे एकदम गेले. मग तो निर्माता कळवतो, की दिवे दुरुस्त केलेत, नव्या फायली घ्या. तुमच्याकडे त्याच्या नावाचा फोल्डर असला तर पाच मिनिटांचं काम. त्याचे दिवे ‘टेबललॅम्प’, ‘झुंबर’ आणि ‘बाग’ यांत विखुरलेले असले तर तुमचा रविवार गेला.

तर पहिली पायरी. अख्खा मॉड्स फोल्डर उचलून डेस्कटॉपवर ठेवा. तो असतो डॉक्युमेंट्समध्ये, तिथे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, त्यात द सिम्स ४, त्यात मॉड्स. शेजारी ‘सेव्हज’ नावाचा फोल्डर दिसेल, त्याचीही एक प्रत काढून बाजूला ठेवा. मग गेम सुरू करा. नवा, रिकामा मॉड्स फोल्डर गेम स्वतःच तयार करतो आणि त्यात रिसोर्स.सीएफजी नावाची एक छोटी फाइलही ठेवतो. ती खोडू नका. किती फोल्डर आतपर्यंतच्या फायली वाचायच्या, ते तिच्यात लिहिलेलं असतं. आता बटणं परत आली का बघा. आली, तर दोष मॉड्समध्येच आहे हे पक्कं.

हे बघताना एक पथ्य पाळा. नेहमीचं घर उघडू नका, नवा कोरा सेव्ह सुरू करा. मी हे न पाळता एकदा माझ्या आवडत्या घरात शिरले, सवयीने ‘सेव्ह’ दाबलं आणि दुसऱ्या दिवशी मॉड्स परत घातले, तर आठ खोल्यांचे पडदे नाहीसे. फायली होत्या, पण गेमच्या लेखी त्या खिडक्यांवर पडदे उरलेच नव्हते. ‘सेव्ह’च्या बटणापाशी हात आवरा. चूक झालीच, तर सुरुवातीच्या मेनूत जुना सेव्ह परत मिळवायची सोय आहे. गेम प्रत्येक सेव्हच्या मागच्या काही प्रती राखून ठेवतो. मला ती सोय तेव्हा माहीत नव्हती, म्हणून पडदे एकेक करून पुन्हा टांगले.

आता तुमची बटणं. बांधकामाची किंवा मेनूची बटणं गायब होणं हे केसांचं किंवा सोफ्याचं लक्षण नाही. स्क्रीनवरची बटणं-मेनूंची मांडणी, म्हणजे इंटरफेस, बदलणारा एखादा मॉड जुना झाला की बहुतेक वेळा असं होतं. तेव्हा ९,४०० फायली चाळण्याआधी इंटरफेसला हात घालणारे जे तीन-चार मॉड असतील ते काढा, त्यांच्या नव्या आवृत्त्या आल्यात का बघा. अपडेट आलं की गेम मॉड्स आपणहून बंद करून ठेवतो ते याचसाठी. सेटिंगमध्ये जाऊन ‘कस्टम कंटेंट आणि मॉड’ आणि ‘स्क्रिप्ट मॉड’ या दोन्ही चौकोनांत टिचकी मारण्याची आपल्यालाच घाई. अपडेटनंतर मी दोन-तीन दिवस मॉड्सशिवाय खेळते, नाहीतर खेळतच नाही.

त्याने भागलं नाही तर निम्मं-निम्मं करा. अर्ध्या फायली घाला, गेम सुरू करा. बिघाड दिसला तर दोषी त्या अर्ध्यात, नाही दिसला तर उरलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. ९,४०० सुट्या फायलींत एक दोषी शोधायला फार तर १४ खेपा. समजा तुमच्याकडे ६० निर्माते आहेत, तर फोल्डरवार सहा खेपांत निर्माता सापडतो, आणि त्याच्या दीडेकशे फायलींत आणखी आठ. हिशोबी वाचक म्हणतील, सहा आणि आठ चौदाच झाले की! झाले. पण सहाव्या खेपेला तुमच्या हाती एक नाव असतं आणि बहुतेकदा पुढच्या आठ खेपांची गरजच उरत नाही. त्या निर्मात्याचं पान उघडायचं, दुरुस्त फायली घ्यायच्या. शिवाय तीस फोल्डर ओढणं आणि ४,७०० फायली निवडणं यांत हाताला फरक पडतो. दोन्ही अर्धी वेगवेगळी घालून बघितली आणि दोन्ही वेळा बिघाड दिसला तर घाबरू नका, दोषी एकाहून जास्त आहेत एवढाच त्याचा अर्थ.

आता मांडणी. इथे एक खोच आहे आणि तिच्यात भलेभले अडकतात. तुमच्याकडे दोन जातींच्या फायली आहेत. .पॅकेज म्हणजे कपडे, केस, वस्तू, काही छोटे बदल. .टीएस४स्क्रिप्ट म्हणजे पायथन भाषेतला कोड, जो गेमचं वागणं बदलतो. पॅकेज फायली पाच फोल्डर खोलवर ठेवल्या तरी गेम शोधून काढतो. स्क्रिप्ट मात्र मॉड्सच्या आत एकच फोल्डर खोल चालते, त्याहून खोल गेली की गेमला दिसतच नाही. म्हणून ‘स्क्रिप्ट’ नावाचा एक मोठा फोल्डर करून त्यात प्रत्येक मॉडचा वेगळा फोल्डर करणं, जे कुणालाही आपसूक सुचेल, तेच नेमकं चुकीचं. प्रत्येक स्क्रिप्ट मॉडचा फोल्डर थेट मॉड्समध्ये हवा. मी त्यांच्या नावांआधी एक अधोरेषा देते, म्हणजे ते यादीत एकत्र गोळा होतात. एकाच मॉडच्या स्क्रिप्ट आणि पॅकेज फायली एकाच फोल्डरात राहू द्या, ताटातूट नको.

सीसीचं सोपं. मॉड्समध्ये ‘सीसी’, त्यात निर्मात्याचं नाव, आणि फार मोठा संच असेल तर त्याचा आणखी एक फोल्डर. झाले तीन. पुढे जाऊ नका. निर्माता ठाऊक नसलेल्या फायलींसाठी ‘अनाथ’ असा एक फोल्डर ठेवा. सुरुवातीला त्यात निम्मा माल जाईल, जाऊ दे. फायलींच्या नावात निर्मात्याचं नाव बहुधा असतंच, तेव्हा नावाप्रमाणे रांग लावली की पुष्कळशा आपोआप शेजारी येतात.

आणि म्हणूनच फायलींची नावं बदलू नका. मला ठाऊक आहे, ‘सुंदर निळा झगा’ हे नाव वाचायला बरं वाटतं. पण निर्मात्याने पुढे दुरुस्त फाइल दिली की ती जुन्या नावाने येते आणि जुनीवर बसते. तुम्ही नाव बदललेलं असेल तर जुनी आणि नवी दोघी नांदायला लागतात आणि भांडतात. तसंच, एकच फाइल दोनदा उतरवली की नावाच्या शेवटी कंसात १ चा आकडा लागतो. तो शोधून बघा. ९,४०० मध्ये अशी जुळी भावंडं निघणारच.

काही काढलं किंवा घातलं की लोकलथम्बकॅश.पॅकेज ही फाइल खोडा. ती मॉड्सच्या बाहेर, द सिम्स ४ च्या फोल्डरात असते. गेम ती पुन्हा बनवतो. न खोडल्यास काढून टाकलेल्या वस्तूंची भुतं दिसत राहतात.

नोंदवही? स्क्रिप्ट मॉडची जरूर ठेवा: नाव, कुठून घेतला, कधी घेतला, तेव्हा गेमची आवृत्ती कोणती होती. वीस-पंचवीस ओळींचं काम. सीसीची नोंदवही ठेवू नका. हे मी आयुष्यभर नोंदवह्या लिहिलेली बाई सांगते आहे.

प्रश्न : गेम लवकर सुरू व्हावा म्हणून सगळ्या पॅकेज फायली एकत्र जोडून टाकाव्यात असं एकाने सुचवलं. जोडू का?

उत्तर : ‘सिम्स ४ स्टुडिओ’ या मॉड बनवायच्या प्रोग्रॅममध्ये ती सोय आहे आणि हजारो चिमुकल्या फायलींऐवजी थोड्या मोठ्या झाल्या की वेळ वाचतो, हे खरं. पण जोडलेल्या गठ्ठ्यातून एकच झगा काढायचा म्हटलं तर गठ्ठा आधी सोडवावा लागतो. त्यामुळे जोडायचं ते एकाच निर्मात्याचं, वर्षभर त्रास न दिलेलं सामान, आणि मूळ सुट्या फायली मॉड्सच्या बाहेर जपून. गेमचं वागणं बदलणारे मॉड कधीही जोडू नका, त्यांना सारखी अपडेट्स येतात.

प्रश्न : मैत्रिणीने तिचं कुटुंब मला पाठवलं. फायली मॉड्समध्ये टाकल्या, कुणीच आलं नाही. मग गेमच्या गॅलरीतून (खेळाडू आपली कुटुंबं, घरं जिथे इतरांसाठी ठेवतात) घेतलं, तर सगळे भलत्याच कपड्यांत!

उत्तर : कुटुंब, घर आणि खोल्या यांच्या फायलींची जागा मॉड्स नाही, शेजारचा ‘ट्रे’ फोल्डर आहे. आणि गॅलरी सीसी वाहून आणत नाही, फक्त पात्र आणते. कपडे, केस मैत्रिणीकडून वेगळे मागा आणि ते मॉड्समध्ये ठेवा. तरीही एखादी वस्तू नुसतं प्रश्नचिन्ह होऊन बसली, तर तिचा मेश, म्हणजे आकाराची फाइल, राहिलाय. पुष्कळ फायली फक्त रंग बदलतात, आकार दुसऱ्याच फाइलमध्ये असतो. निर्मात्याच्या पानावर ‘मेश लागेल’ अशी ओळ असते, आपण ती न वाचता पुढे जातो.

प्रश्न : माझी मुलगी हे सगळं उतरवत असते. यातून व्हायरस येतो का?

उत्तर : येऊ शकतो. २०२४ च्या सुरुवातीला स्क्रिप्ट मॉड्समध्ये मालवेअर दडवून पसरवल्याचे प्रकार झाले. स्क्रिप्ट म्हणजे चालणारा कोड, म्हणून काळजी तिचीच जास्त. कपड्यांचं मॉड सांगून .ईएक्सई फाइल हातात दिली तर ती उघडायची नाही. आणि बंद पडलेल्या निर्मात्याच्या नावाने अचानक नवी आवृत्ती आली तर आठवडाभर थांबून इतरांचं काय होतंय ते बघावं. मुलीकडून फोल्डर मागून घ्या आणि नुसत्या .टीएस४स्क्रिप्ट फायली शोधा. किती आहेत आणि कुठून आल्या, एवढं तिला सांगता आलं तर ठीक चाललंय.

प्रश्न : जुने स्क्रिप्ट मॉड्स बंद पडलेत, पण मला फार आवडायचे. ठेवू का?

उत्तर : किती जुने? नोव्हेंबर २०१८ च्या अपडेटमध्ये गेममधलं पायथन ३.३ वरून ३.७ वर गेलं आणि तेव्हाचे स्क्रिप्ट मॉड सरसकट बंद पडले. ज्यांच्या निर्मात्यांनी ते नव्याने बांधून दिले तेच टिकले. त्याआधीचा असेल तर तो गेमबाहेरच्या आठवणींच्या फोल्डरात हलवा. तिथे तो कुणाला त्रास देत नाही.

प्रश्न : ताई, तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये किती फायली?

उत्तर : काल रात्री मोजल्या, २,३१२. त्यातल्या ९० पडद्यांच्या आहेत. पडदे कमी होणार नाहीत.