चार-पाच लिटर पाणी जातं कुठे?

भाऊ, तुमचं म्हणणं असं: वय अठ्ठावीस, दिवसभर नागपुरात बाईकवर डिलिव्हरी, इतवारीपासून हिंगण्यापर्यंत. पाणी चार-पाच लिटर पिता, तरी लघवी दोन-तीनदाच, तीही गडद पिवळी. मित्रानं सांगितलं किडनी कमजोर झाली, म्हणून ‘किडनी साफ करणारा’ काढा सुरू केला. मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्निशियन होतो. पण लघवी जेवढी मी पाहिली तेवढी गावात फार लोकांनी पाहिली नसेल, तेव्हा सांगतो.

प्यालेलं पाणी थेट लघवीच्या पिशवीत उतरतं असं पुष्कळांना वाटतं. तशी नळीच नाही. पाणी आतड्यातून रक्तात जातं आणि रक्तातून किडनीत. किडन्या पोटात पुढे नसतात, पाठीकडे, शेवटच्या फासळ्यांच्या आडोशाला असतात. प्रत्येकी दहा-बारा सेंटिमीटर लांब. उजवी जराशी खाली, कारण तिच्यावर यकृत बसलेलं. हृदय मिनिटाला जितकं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा या दोघींकडे जातो.

आत एकेका किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता आणि त्याला जोडलेली लांब वळणावळणाची नळी. गुंत्यातून दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळलं जातं. कूलर भरायला आपण तो निळा २०० लिटरचा ड्रम ठेवतो ना, जवळपास तेवढं! आणि बाहेर पडते दीड-दोन लिटर लघवी. बाकीचं सगळं ती नळी परत रक्तात घेते. दिवाळीची आवराआवर आठवा: आई आधी अख्खं कपाट पलंगावर रिकामं करते, मग हवं ते एकेक उचलून परत लावते, आणि शेवटी पलंगावर उरतो तो कचरा. किडनी हेच करते. साखर जवळपास सगळी परत, मीठ गरजेपुरतं, पाणी गरजेपुरतं. युरिया, क्रिएटिनिन वगैरे टाकाऊ माल बाहेर.

आता पाणी किती परत घ्यायचं हे कोण ठरवतं? मेंदू. रक्त जरा दाट झालं की पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच नावाचं संप्रेरक सुटतं आणि नळ्या पाणी जास्त ओढून घेतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पंचेचाळीस डिग्रीत तुम्ही गाडीवर आहात. आपलं ऊन कोरडं, घाम दिसायच्या आधीच उडून जातो, म्हणून वाटतं की घाम आलाच नाही. तुमचं पाणी तिकडे गेलं. उरलेलं किडनीनं राखलं, म्हणून लघवी थोडी आणि रंग गडद.

लघवी किती दाट हे मोजायला आमच्याकडे युरिनोमीटर असायचा. काचेचा छोटा तरंगक, लघवीच्या नळकांड्यात सोडायचा आणि कुठवर बुडाला ते वाचायचं. साध्या पाण्यात १.०००. मे महिन्यात सकाळच्या नमुन्यांत तो १.०३० पर्यंत वर तरंगायचा, पावसाळा लागला की खाली बसायचा. आमची भीती वेगळी होती. जुनाट आजारानं किडनी थकली की लघवी दाट करायची ताकदच जाते, मग पेशंट पाणी पिओ की न पिओ, तरंगक १.०१० च्या आसपास अडकून बसतो. अशी लघवी दिसायला छान फिकट असते आणि रात्री दोन-तीनदा उठवते. तुमची गडद पिवळी लघवी बहुधा उलटंच सांगते आहे: नळ्या ओढताहेत.

तरी हे रोज चालू देऊ नका. दाट लघवीत क्षार बसतात, कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो तसेच. तोच मुतखडा. किडनीतून पिशवीपर्यंतची मूत्रवाहिनी २५-३० सेंटिमीटर लांब, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि तीन ठिकाणी अजून अरुंद. खडा तिथेच अडतो. नळी नुसती पन्हाळी नाही, ती आकुंचन पावून लघवी ढकलते, म्हणून कळा लाटेसारख्या येतात. माझा खडा मूत्रवाहिनी पिशवीत शिरते तिथे, सगळ्यात अरुंद जागी अडकला होता. रात्री दोनला मेव्हण्याच्या स्कूटरवर मागे बसून निघालो तर प्रत्येक स्पीडब्रेकरला देव आठवला.

पिशवीत दीडशे-दोनशे मिली साठलं की पहिली जाणीव होते, चारशे-पाचशेला बसवत नाही. ऑर्डरच्या नादात तासन्‌तास दाबून धरू नका. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, त्यांना या दाबून धरण्यानं इन्फेक्शन लवकर होतं, आणि रस्त्यावर सोय नाही हा आपल्या शहराचा जुना रडका विषय.

काढा बंद करा. किडनी ‘साफ’ करायला ती काही कूलरची टाकी नाही, आणि पाकिटात काय आहे हे ना तुम्हाला ठाऊक ना दुकानदाराला. दुसरं, उन्हातून येऊन अंग दुखतं म्हणून मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी घेता का? शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. खरी भीती मला याची. पाणी एकदम लिटरभर न ढोसता दर तासाला पेलाभर, मध्ये मठ्ठा, निंबूपाणी. निंबातलं सायट्रेट खडा बनायला अडथळा आणतं. संत्र्यातही ते असतं, पण ऐन मे महिन्यात आपलं संत्रं कुठे मिळायला!

दहा-बारा तास लघवीच झाली नाही, लाल किंवा चहासारखी झाली, ताप आला, पायावर-चेहऱ्यावर सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टर. एरवी मनाच्या समाधानाला एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. लघवीचा नमुना सकाळचा पहिला, सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबनं दिलेल्या डबीत, आणि तासाभरात पोचवा. डबी गाडीच्या डिक्कीत टाकून चार ऑर्डरी उरकत येऊ नका. तसे अमोनियाच्या वासाचे नमुने मी पुष्कळ परत पाठवले आहेत.