माझ्या मार्लिन 1894 (.357) लिव्हर अ‍ॅक्शन रायफलमध्ये काडतूस अडकतंय, लिव्हर अर्ध्यातच घट्ट होतो, काय करू?

मार्लिन 1894, .357 ची, आणि लिव्हर अर्ध्यातच घट्ट होतो म्हणताय, तर हा बहुतेक प्रसिद्ध 'मार्लिन जॅम' आहे. आधी नळी सुरक्षित दिशेला ठेवून रायफल पूर्ण रिकामी करा, ट्यूब (नळीखालचं काडतुसं भरायचं मॅगझिन) पण, अडकलीच असेल तर लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर आणि मग बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बाहेर येतो (इजेक्टर, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर फेकणारा छोटा तुकडा, खाली पडतो, तो सांभाळा). आता कॅरियरच्या (ट्यूबमधून आलेलं काडतूस वर उचलणारा भाग) खालची बाजू बघा, लिव्हरची धारदार कड तिथे घासून घासून खाच पाडते, मग कॅरियर हवा तेवढा उचलला जात नाही आणि ट्यूबमधलं पुढचं काडतूस त्याच्या खाली घुसतं, की झालं सगळं लॉक. लिव्हरची कड बारीक एमरीने (पॉलिश पेपर) जराशी गोल करा, जराशीच हां, खाच खोल असेल तर गनस्मिथकडून (बंदूक दुरुस्त करणारा) वेल्डने भरून घ्या नाहीतर नवीन कॅरियर. खाच नसेल तर गोळ्या बदलून बघा, .38 स्पेशल (.357 मध्ये चालणारं दुसरं काडतूस) आखूड पडते आणि सपाट नाकाची, कडेला खांदा असलेली सेमी-वॉडकटर गोळी चेंबरच्या (काडतूस बसायची जागा) तोंडाला अडते. आणि लिव्हर अर्धवट, घाबरत हलवू नका, शेवटपर्यंत जोरात न्यायचा. टेस्टिंग मात्र डमी राउंडवरच (दारू नसलेली नकली काडतुसं).