सोबतच्या बाईंशी जमत नाही, म्हणून लेकीला जपानहून परत बोलवावं का?

पत्र, थोडक्यात: मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगी एम.ए. इंग्रजी, बी.एड. आहे. ऑगस्टपासून ती जपानमध्ये एका कंपनीमार्फत सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून काम करते. सोबतच्या जपानी बाई तिला नुसता धडा वाचायला लावतात. तासाला काय घ्यायचं ते वर्गाच्या दारात सांगतात. गेल्या महिन्यात तर मुलांसमोरच म्हणाल्या, "हिचे उच्चार कळत नाहीत." फोनवर रडते. परत बोलवू का?

ताई, नमस्कार.

लगेच बोलवू नका. मार्चअखेरपर्यंत थांबा, असं माझं स्पष्ट मत आहे. बदल्या म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जपानच्या सरकारी शाळांतही शिक्षकांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या होतात. तिथलं शालेय वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि बदल्या मार्चच्या उत्तरार्धात कळतात. या बाई एप्रिलमध्ये त्या शाळेत नसतील, किंवा असल्या तरी दुसऱ्या इयत्तेला असतील, अशी शक्यता असते. मात्र तोवर लेकीनं गप्प बसून सोसावं, असं मी म्हणत नाही.

सगळ्यात आधी तिला करारपत्र काढायला सांगा. कंपनीमार्फतच्या नेमणुका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. करारात 'हाकेन' म्हणजे कंपनीनं माणूस शाळेच्या हाताखाली देणं असेल, तर शाळेतल्या बाई तिला थेट काम सांगू शकतात. 'ग्योमु इताकु' म्हणजे कामाचा ठेका असेल, तर शाळेनं तिला थेट सूचना देणं तिथल्या कायद्यात बसत नाही. सूचना कंपनीकडून यायला हव्यात. अशा शाळेत सोबतच्या बाई मागे उभ्या राहतात, मोजकं बोलतात आणि काही विचारलं की "तुमच्या कंपनीला विचारा" म्हणतात. नव्या मुलीला हा तुसडेपणा वाटतो, पण पुष्कळदा बाई फक्त नियम पाळत असतात. त्यामुळे करारातला शब्द कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये.

आता दारात सांगण्याबद्दल. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या 2018च्या पाहणीत जपानच्या माध्यमिक शिक्षकांचं काम आठवड्याला सरासरी 56 तास भरलं होतं, सहभागी देशांत सर्वाधिक. वर्ग, पालक, शाळा सुटल्यानंतरचे खेळांचे आणि छंदांचे क्लब, सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. शिवाय अभ्यासक्रम आणि गुण यांची जबाबदारी जपानी शिक्षिकेची; सहायकाची नाही. त्या शाळेची तिसरी इयत्ता म्हणजे आपली नववी. त्या मुलांच्या हायस्कूल प्रवेशपरीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, म्हणून हिवाळ्यात खेळ आणि संवाद बाजूला पडून धडा आणि व्याकरणच उरतं. तुमच्या लेकीकडून नुसतं वाचून घेण्याचं एक कारण बहुधा हेच असावं.

यावर उपाय तुमच्याच शाळेतला आहे: टाचण. एका तासाला एक पान, तीन रकाने. मिनिटं, कोण बोलणार, मुलं काय करणार. तिथला माध्यमिकचा तास 50 मिनिटांचा असतो. सगळा मागू नये, फक्त 10 मिनिटं मागावीत. उदाहरणार्थ, पहिली 5 मिनिटं मागच्या धड्यातल्या शब्दांवर जोडीनं प्रश्नोत्तरं आणि धडा वाचून झाल्यावर 5 मिनिटं मुलांनी त्यातलं एक वाक्य स्वतःबद्दल बदलून म्हणायचं. पुस्तकाचं पान आणि व्याकरणाचा मुद्दा वर लिहावा, म्हणजे बाईंचा अभ्यासक्रम हलत नाही हे त्यांना दिसतं. असे दोन पर्याय, अ आणि ब, लिहून दोन दिवस आधी कागद बाईंच्या टेबलावर ठेवावा आणि "अ घेऊ की ब?" एवढंच विचारावं. "पुढच्या तासाला काय करूया?" हा मोकळा प्रश्न दमलेल्या माणसाला ओझं वाटतो आणि उत्तर येत नाही. करार 'इताकु' असेल तर हाच कागद कंपनीच्या समन्वयकाकडून पाठवावा.

उत्तर ऐकायलाही शिकावं लागतं. "चोत्तो मुझुकाशी" म्हणजे शब्दशः "थोडं अवघड आहे", पण त्याचा अर्थ "नाही" असा घ्यायचा. तिथं पुन्हा आग्रह धरला की संबंध बिघडतात. दुसरी चूक याहून महागात पडते: बाईंचं इंग्रजी फळ्यासमोर दुरुस्त करणं. मुलांसमोर त्यांचा मान गेला की तो लवकर भरून येत नाही. चूक राहिलीच, तर तास संपल्यावर एकटीनं चिठ्ठी द्यावी.

हाच न्याय बाईंनाही लागू आहे. मुलांसमोर जे बोलल्या ते चुकलंच, आणि लेकीनं ते बोलून दाखवावं. दोघीच असताना, दोन वाक्यांत: "माझे कोणते शब्द मुलांना कळत नाहीत ते मला तासानंतर सांगाल का? मी सुधारेन." अपमानाचा हिशेब तिथं मांडू नये, विनंती ठोस असली की बाईंना ती मान्य करणं सोपं जातं.

उच्चारांवर मात्र खरंच काम करावं. मराठी माणसाच्या इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू दोन्हींचा 'व' होतो, टी-डीचे कडक 'ट-ड' होतात आणि वाक्यातल्या सगळ्या शब्दांवर सारखाच जोर पडतो. जपानी मुलांचा कान पाठ्यपुस्तकासोबतच्या ध्वनिफितीवर तयार झालेला असतो. रोज 15 मिनिटं त्याच ध्वनिफितीतली दहा वाक्यं ऐकून, जोराचे शब्द अधोरेखित करून, मोबाईलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ताडून पाहावीत. शब्द तोडून सावकाश बोलू नये. वाक्याच्या तुकड्यांमध्ये थांबावं.

एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर वर जायचं, पण पायरीनं. तुमच्याकडे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. मधली पायरी गाळली की काय होतं ते तुम्ही जाणता. तिच्यासाठी पहिली पायरी कंपनीचा समन्वयक. शाळेशी बोलायचंच झालं तर उपमुख्याध्यापक, ज्यांना तिथं 'क्योतो-सेन्सेई' म्हणतात. सोबत वही हवी: तारीख, तास, वर्ग, नेमके शब्द, कोण हजर होतं. "त्या वाईट वागतात" असं एकही वाक्य त्यात नको. वही घरी ठेवावी आणि समाजमाध्यमांवर एक ओळही टाकू नये.

वारंवार पाणउतारा, ओरडणं, मुद्दाम वाळीत टाकणं हे असेल, तर ते फक्त न जमणं नव्हे. जपानमध्ये अधिकाराच्या जोरावर होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा आहे. एप्रिल 2022 पासून लहान कंपन्यांवरही असा छळ रोखण्याचं बंधन आहे. प्रत्येक प्रांताच्या लेबर ब्युरोत, म्हणजे सरकारी कामगार कार्यालयात, सल्ला मोफत मिळतो. झोप, जेवण बिघडलं असेल, तर मार्चची वाट पाहू नका, मी वर काहीही म्हटलं असलं तरी.

नोकरी सोडायचीच ठरली तर तीन गोष्टी. नोकरी सुटल्यावर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं. सबळ कारणाशिवाय 3 महिने काम नसेल तर व्हिसा रद्द होऊ शकतो. आणि तिचा व्हिसा शाळेत शिकवण्याचा असेल, तर खासगी संभाषणवर्गात नोकरी धरण्याआधी व्हिसाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. इथं बरीच मुलं फसतात. पेन्शनचे हप्तेही तपासा: किमान 6 महिने भरले असतील तर जपान सोडल्यावर 2 वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी पैसे मागता येतात. ऑगस्टपासून भरत असेल, तर जानेवारी धरून सहा महिने होतात.

तिचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. तुमचीही शाळा तोवर सुटलेली असते. पुढच्या फोनवर बाई आज काय म्हणाल्या हे विचारण्याआधी तिच्याकडून उद्याच्या टाचणाचा फोटो मागवा आणि तुमच्या वर्गाचं तपासता तसं तपासून द्या.