गोळा कुणाचा, पिशवी कुणाची?

शेणकिडा आणि पिशवीवाला पतंग यांची तुलना करायचीच तर आधी बघ, राबतंय कोण. शेणकिड्यांत मोठा झालेला किडा राबतो. पावसाळ्यात गुरं चरतात त्या माळावर बस. मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत उलटा चालताना दिसेल. पुरलेल्या गोळ्यात मादी अंडं घालते, अळी तोच आतून खाते. (सगळ्या जाती गोळे ढकलत नाहीत हं, कित्येक शेणाखालीच बीळ खणतात.) पिशवीवाल्या पतंगात मात्र घर अळीच बांधते. बाभळीवर लटकलेली पिशवी भिंगातून न्याहाळ: काड्या रेशमाने घट्ट जखडलेल्या असतात. अळी डोकं बाहेर काढून पानं कुरतडते, घर ओढत पुढे सरकते. बऱ्याच जातींत मादीला पंखच नसतात, अंडीही ती पिशवीतच घालते. म्हणून पिशवी फाडू नकोस, जागेवरच बघ.