नोंद न झालेला विरोध

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग दिसला, दुसऱ्यांदा त्याच्या तळाशी असलेलं दुःख. इतक्या वर्षांची मैत्री एका वादावरून तुटली, आणि वर जो तो तुलाच ‘जरा सहिष्णू हो’ म्हणून सुनावतोय. तू विचारतोस, ‘सहिष्णू व्हायचं म्हणजे गप्प बसायचं का? चूक समोर दिसत असताना मान डोलवायची का?’

मान डोलवणाऱ्याला सहिष्णुतेची गरजच पडत नाही रे. त्या शब्दातच ‘सह्’ आहे, सोसणं. जे पटतं ते सोसावं लागत नाही. ज्याचं सोयरसुतक नाही तेही सोसावं लागत नाही. दुसरा कुठल्या देवाला हात जोडतो याच्याशी मला काही देणंघेणंच नसेल, तर मी सहिष्णू कसला, मी नुसता बेफिकीर. ‘हे चूक आहे’ असं मनापासून वाटतं, तिथून पुढे सहिष्णुतेचा प्रश्न येतो. आणखी एक अट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. समोरच्याला अडवण्याची थोडीतरी ताकद आपल्या हातात असावी लागते. ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्या सोसण्याला नाइलाज म्हणतात, आणि अशा माणसाला सहिष्णुतेचे धडे देणं हा मला क्रूरपणा वाटतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र फार उशिरा.

एका संस्थेच्या कार्यकारिणीत मी काही वर्षं चिटणीस होतो. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे. एका ठरावावर एक सभासद एकटाच विरोधात उभा राहिला. दहाएक मिनिटं बोलला, हातातल्या कागदावरचे मुद्दे शांतपणे एकेक करून मांडत. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण मी त्याला मध्येच तोडलं नाही, आवाज चढवला नाही. घरी जाताना स्वतःवर खूश होतो. रात्री इतिवृत्त लिहायला बसलो आणि त्या दहा मिनिटांचं एक वाक्य केलं : ‘सविस्तर चर्चेनंतर ठराव मंजूर.’

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करायची वेळ आली तेव्हा तो उठला. हातात तोच कागद, घड्यांवर झिजलेला. म्हणाला, ‘मी हरलो त्याचं काही नाही. पण मी बोललो होतो, एवढं तरी राहू द्या.’

मी त्याला बोलू दिलं होतं, पण त्याचं बोलणं मागे उरणं मला सोसलं नव्हतं. लेखणी माझ्या हातात होती आणि कुणी बघत नव्हतं. तिथेच मी कसा आहे ते उघडं पडलं. दुरुस्ती मी त्याच सभेत केली. त्याच्याकडून तो कागद घेतला आणि मुद्दे इतिवृत्तात उतरवायला लागलो, तर तिसऱ्या मुद्द्यापाशी लेखणी अडली. तो मुद्दा मला कळलाच नव्हता. ऐकताना मी मनात उत्तर जुळवत होतो, आणि उत्तर जुळवणाऱ्याचे कान अर्धेच उघडे असतात.

म्हणून ताकदवान माणसाने स्वतःचा हात कसा आवरला, हे बघायला मला आवडतं. अशोकाचे शिलालेख जरूर वाच. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातले ते लेख गिरनारच्या खडकावर आजही आहेत. सगळ्या पंथांच्या साराची वाढ व्हावी, असं बाराव्या लेखात तो म्हणतो, आणि त्याचं मूळ सांगतो ‘वचिगुती’, म्हणजे वाणीचा संयम. कारण नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नये, आणि प्रसंग असला तरी ती बेताची असावी. ‘बेताची’ या शब्दावर मी नेहमी थांबतो. टीका करूच नका असं तो सांगत नाही. पण आपल्या पंथाच्या भक्तीपोटी जो दुसऱ्याला हिणवतो, तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, असं त्याने कोरून ठेवलंय. आणि हे सांगणारा कोण, तर कलिंगच्या युद्धात एक लाख माणसं मारली गेली अशी कबुली स्वतःच खडकावर लिहून ठेवणारा सम्राट. याच राजाने पहिल्या लेखात प्राण्यांचा बळी देऊ नये अशी आज्ञाही दिली आहे. सगळंच चालू द्या, असं त्याचंही म्हणणं नव्हतं.

दुसरी गोष्ट युरोपातली. मिगेल सर्व्हेटस या विद्वानाने ख्रिस्ती धर्मातला त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धान्त नाकारला. कॅथलिकांच्या तावडीतून तो निसटला, म्हणून फ्रान्समधल्या व्हिएन गावात त्यांनी त्याची प्रतिमा जाळली. प्रोटेस्टंटांच्या जिनिव्हात मात्र तो सापडला आणि २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्याला जिवंत जाळलं गेलं. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन पक्षांचं या एका गोष्टीवर एकमत झालं! तेव्हा सेबास्टियन कॅस्टेलिओ नावाच्या अभ्यासकाने लिहिलं की माणसाला मारणं म्हणजे सिद्धान्ताचं रक्षण करणं नव्हे, ते माणसाला मारणंच आहे. सर्व्हेटसच्या मतांचं समर्थन आपण करत नाही, हेही त्याने स्पष्ट केलं होतं. त्याचं ते पुस्तक छापलं गेलं १६१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. ज्याची मतं आपली नाहीत अशा माणसासाठी उभं राहणं किती एकाकी असू शकतं, ते त्या तारखांवरून कळतं.

आता तुझा खरा प्रश्न. तू तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा दाखला दिलास, की असहिष्णूंना सहन केलं तर सहिष्णुताच संपते. हे त्यांनी १९४५ च्या ग्रंथात एका तळटिपेत लिहिलंय, आणि ती टीप लोक बहुधा अर्धीच सांगतात. युक्तिवादाने आणि लोकमताने जोवर अशा विचारांना रोखता येतं, तोवर त्यांच्यावर बंदी घालणं शहाणपणाचं नाही, असंही तिथेच म्हटलंय. बळाचा हक्क राखून ठेवायचा तो वादाच्या मैदानातच न उतरणाऱ्यांसाठी, युक्तिवादाला मुठीने आणि पिस्तुलाने उत्तर द्यायला शिकवणाऱ्यांसाठी.

तुझा मित्र कुणावर हात उगारत होता का? कुणाला हाकलून लावा, मारा असं म्हणत होता का? तसं असेल तर सहिष्णुतेचं नाव घेऊन मी तुला थांबवणार नाही. ठामपणे उभा राहा, आणि ज्याच्यावर हात उगारला जातोय त्याच्या बाजूला उभा राहा. पण तुझं पत्र वाचून मला तसं वाटत नाही. तो तुला दुखावणारं बोलला, तेही चारचौघांत. दुखावलं जाणं खरं असतं, मी ते कमी लेखत नाही. पण दुखापत वेगळी आणि धोका वेगळा. रागात ही दोन्ही एकसारखीच दिसतात आणि मग आपण जखमेचा बदला घेतो, वर त्याला समाजाचं रक्षण म्हणतो.

त्याच्याशी सहमत हो, असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुझं मत सोडू नकोस, मवाळही करू नकोस. एवढंच कर. त्या रात्री तो काय म्हणत होता, ते एका कागदावर त्याच्या बाजूने लिही. त्यात तुझी उत्तरं नकोत, ‘म्हणे’ नको, अवतरणचिन्हांतले टोमणे नकोत. मग तो कागद त्याला पाठव आणि विचार, ‘तुला हेच म्हणायचं होतं ना?’ तो दोन ओळी खोडून तिसरी लिहील, अशी माझी अटकळ आहे. ती तिसरी ओळ वाचल्यावर तुला काय वाटलं, ते मला कळव.

तुझा,
एक जुना चिटणीस